गोळीचा नेम आणि रिकामी कोठारे

‘जर’ या शब्दाला इतिहासात स्थान नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. शिरवळकरांना तो कसा रुचावा? 1648 मध्ये फत्तेखानाच्या स्वारीत नीराकाठचा सुभानमंगळ मावळ्यांनी परत जिंकला नसता, तर?

जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत असाच प्रश्न केला. तेथे विश्वासरावांना लागणारी गोळी हुकते, मराठे जिंकतात आणि इंग्रजांची सत्ता मुंबईपुरतीच उरते. अध्यक्षांची प्रथाच मोडीत काढलेल्या त्या जगात, खुर्ची रिकामी पाहून व्यासपीठावर चढलेल्या प्राध्यापकांची श्रोते दाणादाण उडवतात. विनोद मार्मिक आहे. परंतु हिशेब अपुरा राहतो.

14 जानेवारी 1761 पूर्वीच अब्दालीने रसद तोडली होती. छावणीत उपासमार चालू होती. नेम चुकल्याने कोठारे भरत नाहीत. एका गोळीवर पराभवाचा भार टाकला की व्यवस्थेतील दोष झाकले जातात.

म्हणून शिक्षकांनी ‘जर’ला वर्गाबाहेर काढू नये. सनावळी पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. कारणांची उलटतपासणी करणारा नागरिक होईल.