रंग देऊ नका, प्लीज!

मंडळी, आज पुन्हा दुचाकीपुराण. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी इथूनच परत फिरावं :)

जुनी गाडी "ओरिजिनल कंडिशन"मध्ये आहे म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर येतं ते चकचकीत क्रोम आणि नवाकोरा रंग. रस्त्यावरच्या गाडीला हे एक वेळ ठीक. पण टू-स्ट्रोक रेसिंग मोटरसायकलला हाच न्याय लावला की ती कायमची पुसली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

यामाहा टीझेड३५० घ्या. १९७३ पासून ही खास शर्यतीची गाडी पैसे मोजेल त्याला विकत मिळायची. पाण्याने थंड होणारे दोन सिलिंडर, ३४७ सीसी, किक नाही, ढकलून चालू करायची. आपल्या राजदूत ३५०ची ही चुलत बहीणच. बोअर आणि स्ट्रोक दोघींचा एकच, ६४ बाय ५४ मिलिमीटर. ज्यांच्यामागे कंपनीचा पैसा नव्हता ते रायडर हिच्यावर शर्यती करायचे. दक्षिण आफ्रिकेचा जॉन एकेरॉल्ड १९८० साली ३५० सीसीचा विश्वविजेता झाला तो टीझेडच्याच इंजिनावर, बिमोटाच्या फ्रेममध्ये बसवून. समोर कावासाकीवर अँटन मांग होता, म्हणजे काय खायचं काम नव्हतं.

आता सांगा, अशा गाडीचं "ओरिजिनल" म्हणजे काय? कारखान्यातून आली तशी? तशी ती पहिल्या सीझनपुरतीसुद्धा राहत नसे! माझ्या मते ओरिजिनल म्हणजे शेवटच्या शर्यतीनंतर उभी केली तशी.

कारण टू-स्ट्रोकची अक्कल कुठे असते बघा. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, किती उंच आणि किती रुंद यावर सगळा खेळ. ट्यूनर कानस घेऊन बसायचा आणि एक्झॉस्ट पोर्ट जरासा वर न्यायचा. वरच्या आरपीएमला ताकद वाढायची, खालची जायची. काढलेला धातू परत लावता येत नाही. तीच गोष्ट एक्स्पान्शन चेंबरची. पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेनने त्या फुगीर नळीतून परतणाऱ्या लाटेचा अभ्यास केला. त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर १९६१ साली पळून जाऊन सुझुकीला मिळाला आणि १९६२ साली सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. म्हणजे त्या पत्र्याच्या आकाराची किंमत केवढी! आणि आपण तो जुना, पोचे पडलेला चेंबर काढून चकाचक नवा लावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड कुठेच नाही, आहे ती एकच बायनरी, आणि तीच आपण ओव्हरराइट करतोय.

याचा अर्थ गाडी काचेत ठेवा असं नाही हं. क्रँकची सील वाळली की इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन चिकटतो किंवा त्याला भोक पडतं. तेव्हा सील, रिंगा, बेअरिंग खुशाल बदला, ती तेव्हाही बदलायचेच. जुनी मात्र चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. टाकीचा रंग, फेअरिंगवरचे ओरखडे, हाताने केलेलं वेल्डिंग, आणि मुख्य म्हणजे सिलिंडर, यांना हात नको.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या एका मित्राने चेन्नईहून राजदूत ३५० आणली आहे. शोलावरमच्या धावपट्टीवर पळालेली, पोर्ट कानशीने घासलेले. साहेबांना नवीन स्लीव्ह बसवून "शोरूमसारखी" करायची आहे. गेले तीन शनिवार मी डोकं खातोय. सिलिंडर तसेच ठेवायला तो आता तयार झालाय. रंगाचं विचारलं तर म्हणतो, पेंटरला दिलेला ॲडव्हान्स आधी तू परत आणून दे.