विश्लेषण : नवी नोकरी मिळाली, पण जुन्या नोकरीची साक्ष कोण देणार?

ऑफर लेटर हातात पडते, जुन्या कंपनीत राजीनामा दिला जातो आणि मग ई-मेल येतो : 'तुमची पार्श्वभूमी पडताळणी सुरू आहे.' लोअर परळ, प्रभादेवी, परळ भागातील बँका, वित्तसंस्था आणि आयटी कंपन्यांच्या कार्यालयांत रुजू होणाऱ्यांना हा टप्पा सहसा चुकत नाही. ही तपासणी अनेक कंपन्या पैसे मोजून बाहेरच्या संस्थेकडून करून घेतात. ही संस्था नेमके काय तपासते? तिच्या अहवालात चूक झाली तर काय? आणि जुना मालकच उरला नसेल तर?

पडताळणी कोण करते, पैसे कोण देते?

मुंबईची आयडीफाय, गुरुग्रामची ऑथब्रिज, अमेरिकेतील फर्स्ट अॅडव्हान्टेज अशा कंपन्यांचा हा व्यवसाय आहे. शिक्षण, पत्ता, गुन्हेगारी नोंद आणि जुनी नोकरी अशा तपासण्यांचे वेगवेगळे दर असतात. पैसे नवी कंपनी देते, त्यामुळे अहवालही तिलाच मिळतो. ज्याच्याविषयी तो अहवाल असतो, त्या उमेदवाराच्या हाती तो आपोआप पडत नाही. आयटी क्षेत्रासाठी 'नॅसकॉम'ने २००६ मध्ये 'नॅशनल स्किल्स रजिस्ट्री' सुरू केली. कर्मचाऱ्याची माहिती एकदा तपासून एका जागी ठेवायची, म्हणजे प्रत्येक नव्या नोकरीच्या वेळी पुन्हा शोधाशोध नको, हा त्यामागचा विचार होता.

नेमके काय तपासले जाते?

आधी जुन्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ई-मेल किंवा फोन जातो. पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, शेवटचा पगार, सोडण्याचे कारण आणि 'या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का', असे प्रश्न विचारले जातात. दुसरा आधार भविष्य निर्वाह निधीचा. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला १२ अंकी यूएएन क्रमांक मिळतो. त्याखालच्या नोंदींत कोणत्या कंपनीत किती काळ पीएफ भरला गेला, हे महिनेवार दिसते. एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा पीएफ जमा झाला असेल, तर तेही लगेच दिसते. तिसरा आधार प्राप्तिकराचा 'फॉर्म २६एएस'. त्यात पगारावर कोणी कर कापला, याची नोंद असते.

कंपन्या हा खर्च का करतात?

बनावट अनुभवपत्रे हे मोठे कारण. काही ठिकाणी कंपनीच कागदावर असते : संकेतस्थळ, लेटरहेड आणि 'होय, हे आमच्याकडे होते' असे सांगणारा फोन नंबर, एवढाच तिचा कारभार. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'अॅक्सेंचर'ने अस्तित्वात नसलेल्या कंपन्यांची अनुभवपत्रे वापरणाऱ्या भारतातील कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले. त्याआधी सप्टेंबरमध्ये 'विप्रो'ने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना घरी पाठवल्याचे सांगितले होते. त्यानंतर अनुभवपत्राच्या कागदापेक्षा पीएफच्या नोंदीवरचा भर वाढला.

प्रामाणिक उमेदवार कुठे अडकतो?

अहवाल साधारणपणे हिरवा, पिवळा किंवा लाल अशा रंगांत येतो. माहिती जुळली तर हिरवा, खोटी निघाली तर लाल. खरा प्रश्न पिवळ्याचा. 'पडताळणी होऊ शकली नाही' असा त्याचा अर्थ असतो. पण घाईत असलेल्या मनुष्यबळ विभागाला तो 'काहीतरी गडबड आहे' असा वाटू शकतो.

हा शेरा मोठ्या कंपनीतून आलेल्याला सहसा मिळत नाही. दादरच्या कापड दुकानात हिशेब लिहिलेला, गिरगावातल्या छापखान्यात डीटीपी केलेला किंवा बंद पडलेल्या स्टार्टअपमध्ये दोन वर्षे काढलेला तरुण त्यात सापडतो. पीएफ कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यापेक्षा लहान ठिकाणी रोखीने पगार घेतलेल्याचे काम खरे असते, पण ऑनलाइन यंत्रणेत त्याचा मागमूस नसतो.

गिरणगावाचा अनुभव काय सांगतो?

आज जिथे ही कार्यालये उभी आहेत, तिथल्याच कामगारांनी हा प्रश्न आधी सोसला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. पुढे म्हाडाच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. साक्ष द्यायला गिरणी उरली नव्हती. २०२३ मध्ये म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांच्या पात्रता निश्चितीची मोहीम घेतली. तेव्हा तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, पगार पावती, पीएफ आणि ईएसआयसी क्रमांक असे पुरावे ग्राह्य धरले गेले. लालबाग-परळच्या घरांत ट्रंकेत जपलेला कागद चाळीस वर्षांनी कामी आला. ज्यांनी तो जपला नाही किंवा ज्यांच्या वारसांना तो सापडला नाही, त्यांची अडचण झाली. मात्र त्या वेळी एकच कागद नसला तरी दुसरा चालत होता. खासगी पडताळणीत पर्यायी पुरावा मानायचा की नाही, हे नवी कंपनी ठरवते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९७० च्या 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अॅक्ट'नुसार अशा अहवालाच्या आधारे नोकरी नाकारण्यापूर्वी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. भारतात पार्श्वभूमी पडताळणीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून थोडा आधार मिळू शकतो. एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवर घ्यायचा, ती अचूक आणि पूर्ण असावी, ही जबाबदारी त्यात आहे. बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेतले, तरी मुख्य कंपनीची जबाबदारी सुटत नाही. संमतीने माहिती घेतली असेल तर ती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे.

यात दोन अडचणी आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. शिवाय नोकरीविषयक कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची सवलत कायद्यातच आहे. अजून रुजू न झालेला उमेदवार तीत बसतो का, हे त्या शब्दांतून स्पष्ट होत नाही.

नोकरी बदलण्यापूर्वी काय करावे?

- पीएफची सेवा नोंद आधी तपासा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते.
- नियुक्तीपत्र, पगार पावत्या, फॉर्म १६ आणि कार्यमुक्ती पत्र यांच्या प्रती कंपनीच्या ई-मेलवर न ठेवता स्वतःजवळ ठेवा. कंपनी सोडताच तो ई-मेल बंद होतो.
- नोकरी लहान ठिकाणी होती, तर बँक खात्यातील पगाराच्या नोंदी आणि मालकाचे सही-शिक्क्याचे पत्र आताच मिळवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी सर्व कामगारांना नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागून घ्या.
- अर्जात मधला रिकामा काळ लपवू नका. तारखा ओढूनताणून जुळवल्या, तर पिवळ्याचा लाल होतो.
- प्रतिकूल शेरा आल्याचे कळले, तर अहवालाची प्रत लेखी मागा आणि पर्यायी पुरावे त्याच ई-मेलला जोडा.

कंपन्यांकडेही एक सोपा उपाय आहे. नकार कळवण्यापूर्वी उमेदवाराला अहवाल दाखवून चार दिवसांची मुदत द्यावी. खोटे अनुभवपत्र आणणारा या मुदतीत खरा पुरावा आणू शकणार नाही. मात्र जुन्या मालकाने ई-मेलला उत्तर दिले नाही, एवढ्याच कारणाने हातची नोकरी गमावणारा वाचेल.