दवाखाना गावात, कारभारी कोण?



गारखेड्यात लेकीकडे आलेल्या एक आक्का परवा भेटल्या. चहा होताच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गावात उपकेंद्राची इमारत झकास आहे. पण रात्री बाई अडली की दाराला कुलूप. सांगावं कोणाला? मुंबईला?"

आक्का, त्यासाठी मुंबई गाठायला नको. गारखेडा नावाचा खेडा. आज तो महानगरपालिकेत आहे. तुमच्या गावचे उपकेंद्र मात्र जिल्हा परिषदेचे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून गावचे दवाखाने जिल्ह्याच्या हाती आले. जिल्हा परिषदेत आरोग्य, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा वेगवेगळ्या समित्या ठेवल्या, त्या एवढ्याचसाठी.

अधिकार सगळा खाली उतरला असे मात्र नाही. नर्सबाई जिल्हा परिषदेच्या, तर डॉक्टरांची कायम नेमणूक राज्याकडे. शिवाय २०२२ साली बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका रखडल्या. मग काही वर्षे कारभार प्रशासकाकडे. ज्याला मत दिले त्याला जाब विचारता येतो. प्रशासकाला कसा विचारणार?

तरीही एक दार आपल्या वेशीच्या आत आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गावोगाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छतेची समिती नेमायची ठरली. तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा निधी ठरला. रक्कम लहान, पण ती कशावर खर्चायची हे गावाने ठरवायचे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत लोकांनी दवाखान्यांवर देखरेख ठेवली. जनसुनवाईत उभे राहून बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांसमोर आपले गाऱ्हाणे मांडले.

आक्कांना विचारले, "तुमच्या समितीत कोण कोण आहे?" त्या हसल्या. "समिती? ती कधी बसली?"

खरी गोम इथेच आहे. कागदावरच्या समितीने बाळंतपण होत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. तिथे तीनच प्रश्न विचारा: समितीत कोण आहे, पैसा कशावर गेला, रात्री नर्सबाई कुठे असतात? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सह्या-अंगठे करा. अर्जाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्यायला विसरू नका.

बैलजोडी दारात आली, तरी कासरा धरल्याशिवाय नांगर चालत नाही. आक्का, पुढच्या सभेला सुनेलाही घेऊन जा.