१४७ नंबरचा वाचक

दर आठवड्याला या सदरातून आपली भेट होते ती घाईगर्दीत. दिवाळी अंकाचे तसे नाही. चिवड्याची बशी शेजारी आणि अंक मांडीवर, असा निवांत वाचक इथे भेटतो. म्हणून एक कबुली देण्यासाठी मी हा मुहूर्त निवडला आहे. दोन वर्षांपूर्वी याच सदरात माझ्या आजीविषयी लिहिताना मी म्हटले होते की, तिने जन्मात ‘शिवलीलामृता’खेरीज दुसरे पुस्तक हाती धरले नाही. वाचकांना तो लेख आवडला होता. पुष्कळांनी कळवले की, त्यांच्याही आज्या अगदी तशाच होत्या. त्यांच्या आज्यांचे मला ठाऊक नाही. माझ्या आजीविषयीचे ते विधान साफ खोटे होते. ते कसे, ते सांगते.

आमच्या गावच्या जुन्या पेठेत एक सार्वजनिक वाचनालय आहे. दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी, आत लाकडी कपाटे, आणि वर पंखा, जो फिरतो तेव्हा वारा येत नाही, नुसता आवाज येतो. महाराष्ट्रात असे वाचनालय न पाहिलेला मनुष्य विरळा. या वाचनालयात जागा उरलेली नाही. नवी पुस्तके गठ्ठ्यांनी जमिनीवर बसली आहेत. तेव्हा कार्यकारी मंडळाने ठराव केला की, एक हजार जुनी पुस्तके बाद करावीत. आणि ती कोणती हे ठरवायला एखादे जाणकार माणूस हवे म्हणून महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माझ्यावर ते काम आले. मी मोठ्या उत्साहाने ‘हो’ म्हटले. दुसऱ्याच्या घरातला पसारा आवरायला माणसाला नेहमीच उत्साह असतो.

पहिल्याच रविवारी मी यादी सुरू केली. काय बाद करायचे, याविषयी मला क्षणभरही शंका नव्हती. रहस्यकथांचे कपाट पहिले. पाने तपकिरी झालेली, बांधणी सुटलेली, कसर लागलेली. आणि वाङ्मयीन मूल्य (हा आम्हां प्राध्यापकमंडळींचा लाडका शब्द) जवळजवळ शून्य. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, चंद्रकांत काकोडकर, शिवाय दातारशास्त्र्यांची जुनी रेनॉल्ड्सछाप पुस्तके अशी मी भराभर नावे उतरवीत होते. देवघेवीच्या टेबलावरून ग्रंथपालबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मॅडम, यादी जरूर करा. पण पुस्तक पुढून उघडू नका, मागून उघडा.”

मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांचा कागद चिकटवलेला असतो. देवघेव आता संगणकावर होते, त्यामुळे नव्या पुस्तकांना असे कागद नाहीत. जुन्यांचे मात्र तसेच आहेत, आणि खिशातली कार्डेही आहेत. त्यांवर पुस्तक नेणाऱ्या सभासदाचा क्रमांक आणि तारीख. गेली वीस वर्षे मी वाङ्मयाचा इतिहास शिकवते आहे. त्या दुपारी मी तो पहिल्यांदा वाचला, असे म्हणायला हरकत नाही.

काही वर्षांपूर्वी मीच आग्रह धरून समीक्षेचे पंधरा-वीस ग्रंथ घ्यायला लावले होते. त्यांचे कागद कोऱ्या पाटीसारखे स्वच्छ. त्यांतच माझ्या प्रबंधाचेही पुस्तक होते. त्यावर एक शिक्का दिसला आणि मला आनंद झाला. मग आठवले की, छपाईच्या चुका तपासायला मीच ते नेले होते.

उलट ‘मृत्युंजय’चा कागद भरून त्यावर दुसरा चिकटवलेला, दुसरा भरून तिसरा. हे पुस्तक १९६७ सालचे. इथली प्रत तीनदा बांधून घेतलेली. ‘स्वामी’ तर त्याहून पाच वर्षांनी वडील, पण अजून बाहेर हिंडते आहे. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’चा आलेख निराळाच. १९८२ साली ती आली. पुढली काही वर्षे शिक्क्यांची नुसती झुंबड, मग हळूहळू शुकशुकाट, आणि २०१३ साली चित्रपट निघाल्याबरोबर पुन्हा झुंबड. कागदावरचे दुसऱ्या खेपेचे वाचक पहिल्या खेपेच्या वाचकांची मुले असावीत. दोन-तीन क्रमांक तर तेच होते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ दरसाल एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पडलेला आढळला. आंब्यासारखे ते पुस्तक उन्हाळ्यात पिकते आणि जूनला शाळा सुरू झाली की कपाटात परत येते. फुरसुंगीच्या त्या किडकिडीत पोराने जितकी मुले आमच्या वाचनालयाच्या पायऱ्या चढायला लावली, तितकी आमच्या कुठल्याही वाचन-सप्ताहाने लावली नसतील. ‘श्यामची आई’ बारमाही. पण ग्रंथपालबाईंच्या सांगण्याप्रमाणे ते पुस्तक न्यायला मुले येत नाहीत, मुलांच्या आया येतात. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते पाच दिवसांत लिहून काढले. मोठ्या माणसांनी मुलांसाठी म्हणून न्यावे आणि स्वतःच रडत बसावे, असे त्याचे नशीब आहे. माझ्या घरीही तेच चालले होते, त्याविषयी पुढे.

दुपारच्या वाचकांचे एक कपाट वेगळे. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे. यांची पुस्तके तिसऱ्या दिवशी परत आलेली दिसतात. स्वयंपाक, धुणी-भांडी, मुलांचे अभ्यास सांभाळून दोन दिवसांत तीनशे पाने संपवणाऱ्या या बायकांविषयी आमच्या वाङ्मयेतिहासात एक ओळ नाही. आणि काकोडकरांची मौज काय सांगावी! १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली. अश्लीलतेच्या आरोपावरून ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली लेखक निर्दोष सुटला. त्याच साली त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट झळकला आणि तो सगळ्या घरांनी आजीपासून नातवापर्यंत एकत्र बसून पाहिला. अंक उशीखाली आणि चित्रपट सहकुटुंब, असा आपला हिशोब आहे. असो.

एवढे झाले तरी माझे मन पुरते वळले नव्हते. खपते ते चांगलेच असे थोडेच आहे, हा युक्तिवाद जवळ होताच. मी तो दरवर्षी पहिल्या तासाला करते. तरी मधूनच बोचत होते की, ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी मी गंभीर चेहऱ्याने शिकवते, आणि हरिभाऊंनी ती १८९० पासून हप्त्याहप्त्याने छापली त्या साप्ताहिकाचे नाव होते ‘करमणूक’. पालीचे पंडित असलेल्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ निर्माण केले, तेव्हा त्यांना आपण काही हलके काम करतो आहोत असे वाटले असेल का, कोण जाणे.

मग अर्नाळकरांच्या एका पुस्तकाचे कार्ड हाती आले. १४ मे १९५८. सभासद क्रमांक १४७.

१४७ हा आमचा क्रमांक. माझ्या आजोबांनी वर्गणी भरून घेतलेला, पुढे अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आलेला, आणि अजून चालू असलेला. मी दुसरे पुस्तक उघडले. १६ मे, १४७. तिसरे, १९ मे, १४७. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही सगळी मंडळी त्या उन्हाळ्यात आमच्या घरी मुक्कामाला होती. आजोबा कडक शाळामास्तर; ‘ज्ञानेश्वरी’, ‘दासबोध’ आणि ‘केसरी’ यांखेरीज चौथे काही घरात असल्याचे मी कधी ऐकले नव्हते. आणि अण्णांनी मला लहानपणी अर्नाळकर वाचताना पकडून पुस्तक हातातून काढून घेतले होते, ते मला पक्के आठवते.

अण्णा आता ऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. डोळ्यांच्या पडद्याचा विकार झाल्यामुळे वर्षभरापासून त्यांना अक्षर दिसत नाही. चष्म्याने भागण्यासारखे नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. जन्मभर वाचत आलेला मनुष्य. म्हणून रोज रात्री मी त्यांना वाचून दाखवते. काय वाचायचे ते अर्थात मी ठरवते. ‘स्मृतिचित्रे’ झाले, ‘बनगरवाडी’ झाले, मग ‘ययाति’ काढली. अण्णा दुसऱ्या पानाला डोळे मिटत. मला वाटे, तल्लीन झाले आहेत. एके दिवशी घोरू लागले.

त्या रविवारी संध्याकाळी मी घरी आले ती ते कार्ड घेऊनच. म्हटले, “अण्णा, १९५८ सालच्या मे महिन्यात तुम्ही काय वाचत होता?”

“त्याला काय झालं? अभ्यास करत असेन.”

“१४ मे, १६ मे, १९ मे. सांगू नावं?”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू आले, जे मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते. “अगं, आमचे अप्पा झोपले की मी वाचनालयात पळायचो. अंकगणिताच्या पुस्तकात घालून वाचायचो. पण सगळा दोष माझ्यावर घालू नकोस. निम्मी मी वाचली. निम्मी तुझ्या आजीनं.”

“आजीनं?”

“तीच धाडायची मला. चुलीपुढं बसून वाचायची, पोथीच्या फडक्यात गुंडाळून. अप्पांची चाहूल लागली की मोठ्यानं ‘शिवलीलामृत’ म्हणायची. पाठच होतं तिला ते!”

चौथी इयत्ता शिकलेली माझी आजी. तिच्यावर मी लेख लिहिला आणि लोकांनी तो वाखाणला. ती बिचारी पोथीच्या फडक्याआड काळापहाडाच्या मागे धावत होती, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. मी तिला कधी विचारलेच नाही, की आजी, तू काय वाचतेस? मला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

त्या रात्री ‘ययाति’ बाजूला ठेवली आणि अर्नाळकर उघडले. पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हते, नावाचे पानही नव्हते. पहिली पाने गळून गेलेली. मी वाचू लागले. अण्णा उशीला टेकून बसले ते बसलेच. मध्ये मी पाणी प्यायला थांबले तर म्हणाले, “थांबू नकोस.” गोष्ट सांगत नाही, रहस्यकथेची गोष्ट सांगणे हे पाप आहे. वाक्ये आखूड, प्रसंग तातडीचे, आणि प्रकरणाच्या शेवटी दार वाजलेच पाहिजे. वाचताना मला लेखणीने दुरुस्त कराव्याशा वाटल्या अशा जागा कमी नव्हत्या. पण पान उलटायला माझाच हात मला आवरत नव्हता, हेही खरे.

आणखी एक गोष्ट घडली. माझे चिरंजीव अकरा वर्षांचे. त्याच्या टेबलावर ‘श्यामची आई’ गेले सहा महिने पहिल्या पानावर उघडी पडली आहे, आणि त्यावरून आमची रोज वादावादी होते. तो आपला मोबाईल घेऊन पलीकडच्या खोलीत होता. तिसऱ्या प्रकरणाला तो दारात उभा दिसला. चौथ्याला आजोबांच्या पांघरुणात. मी काही बोलले नाही. शहाण्या आईने अशा वेळी काही बोलू नये, एवढे मला एव्हाना समजू लागले आहे.

तिसऱ्या रात्री आम्ही शेवटच्या प्रकरणावर आलो. दार वाजले. नायकाने पिस्तूल काढले. मी पान उलटले, तो मागचा पुठ्ठाच! शेवटचा फर्मा गेलेला. तारखांचा कागद जागच्या जागी होता, चांगला भरगच्च. पण खुनी कोण, ते सांगणारी सोळा पाने कुठल्याशा उन्हाळ्यात कुणाच्या तरी घरी राहून गेली होती.

“अण्णा, तुम्ही वाचलं होतंत ना? कोण होता हो?”

“अगं, सहासष्ट-सदुसष्ट वर्षं झाली. मला कसं आठवणार?”

“आजोबा, तो डॉक्टरच असणार,” चिरंजीव म्हणाले. “पहिल्यापासून गोड बोलतोय.”

“छे रे! गोड बोलणारा कधी नसतो. ते फसवायला ठेवलेलं असतं.”

यावर दोघांचे बराच वेळ वाजले. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयाची दाखल नोंदवही काढली. तिथे नावाच्या जागी नुसते ‘अर्नाळकर, संच, २५ पुस्तके’ एवढीच नोंद. पुण्यास कामानिमित्त गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची दोन-तीन दुकाने पालथी घातली. पण ज्या पुस्तकाचे नाव ठाऊक नाही ते मागायचे कसे? दुकानदार बिचारा सोशिक. म्हणाला, “ताई, बाबुरावांनी हजारावर पुस्तकं लिहिलीत. शेवट सांगा, मग शोधतो.” शेवटच तर हवा होता.

बाद पुस्तकांची यादी माझ्याकडेच पडून आहे. कार्यकारी मंडळाकडून दोनदा विचारणा झाली. हजारात मी आजवर सव्वीस नावे लिहिली आहेत, त्यांतले एक माझे. अर्नाळकरांची ६२ पुस्तके वाचनालयात अजून उरली आहेत. ती कपाटातून चार-चार करून घरी येतात आणि वाचून झाली की परत जातात. सगळी १४७ नंबरवर. आपले हरवलेले पुस्तक त्यांतल्या कुणाची दुसरी प्रत निघेल, या आशेवर हा उद्योग चालला आहे.

परवा चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला. हजार पुस्तके धरली आणि रोज एक संपवले, तर शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचायला दोन वर्षे नऊ महिने लागतील. त्याने तो आकडा आजोबांना वाचून दाखवला.

अण्णांनी उशी पाठीशी नीट लावून घेतली. म्हणाले, “चालेल. आजचं काढ.”