'हल्ली मराठीत लिहितंय कोण?'

पुस्तकांच्या दुकानात बसून पुस्तक वाचणाऱ्याकडे आमच्या धंद्यातले लोक कीव आल्यासारखे बघतात. 'हलवाई स्वतःची जिलबी खातो का?' असं अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदाराने मला ऐकवलंय. त्याच्याकडे 'कोसला' कादंबरी मागितली की कामावरचा पोरगा विचारतो, "कितवीला आहे?"

मी वाचतो. गल्ल्यावर बसून, दुपारी चौक पेंगतो तेव्हा. म्हणूनच "हल्ली मराठीत लिहितंय कोण?" ऐकलं की डोकं फिरतं. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा 'ययाति' नाहीतर 'मृत्युंजय' असते, कुणाला तरी भेट द्यायला. पहिली 1959ची, दुसरी 1967ची. खुशाल घ्या, त्यांच्यावर माझं वीजबिल निघतं. पण साहेब, त्यानंतर थांबलं ते तुमचं वाचन. मराठी लेखक लिहीतच होते.

कृष्णात खोतांची 'रिंगाण' घ्या. धरणापायी गाव उठलं, माणसं हलली, म्हैस मागे राहिली आणि रानटी झाली. पुनर्वसनावर आपण ढीगभर भाषणं ऐकली, मोर्चे पाहिले; पण पाण्यापलीकडे सुटलेल्या जनावराने माणसाला ओळखणंच सोडलं तर काय, हे विचारायला कादंबरीकारच लागला. ती वाचताना मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे सुटे पैसे दिले. 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर होईपर्यंत ती माझ्या मांडणीवर धूळ खात होती. जाहीर झाल्यावर मंडळी धावत आली, "आजच हवी!" देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. रेडिमेडने शिंप्याच्या घरावर काय पाळी आणली ते त्यांनी 'उसवण'मध्ये लिहिलं. 2024मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे ती मागायला लोक आले.

नवं म्हणून मी सगळंच डोक्यावर घेत नाही. घोड्यांच्या टापांनी सुरू होऊन तलवारींच्या खणखणाटात संपणाऱ्या सहाशे पानी ऐतिहासिक कादंबऱ्या पुरे झाल्या. निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं तर नकोतच; त्यांत बदलीच्या प्रत्येक ठिकाणी लेखक एकटाच प्रामाणिक असतो. आणि सकाळी पाचला उठवून श्रीमंत करणारी भाषांतरं! त्यांचं मराठी वाचून इंग्रजी आठवतं. आमचे व्यापारी बंधू दर्शनी काचेत नेमकी तीच मांडतात आणि संध्याकाळी वाचकाच्या नावाने गळा काढतात.

3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, शुभेच्छांचा पूर आला. माझा गल्ला होता तिथेच राहिला. 2011च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख भरले. नव्या लेखकाच्या कादंबरीची पहिली आवृत्ती पाचशेची निघाली तरी प्रकाशकाला घाम फुटतो. त्यातूनही कुणी आलंच, तर पुस्तक उघडण्याआधी पहिला प्रश्न येतो, "किती टक्के सोडणार?"

सवलत देईन. तुम्ही आधी एक करा. दुकानात या, नवं पुस्तक उचला, उभ्याने दहा पानं वाचा. त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत. नाही आवडलं तर जागेवर ठेवा आणि लेखकाला खुशाल शिव्या द्या. वाचून दिलेल्या शिव्या मी चहा पाजून ऐकेन.