‘वरकरणी’ म्हणजे काय?

‘ऑस्टेन्सिब्ली’ या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ आमच्या कोडोलीकडील विद्यार्थी ‘खोटेपणानें’ असा करितात. तो आम्हांस मान्य नाहीं. हा शब्द लॅटिन ‘ओस्टेन्देरे’, म्हणजे समोर धरणें, दाखविणें, या क्रियापदापासून निघाला. त्यांतील ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणें. आपला संस्कृत ‘तन्’ धातु त्याचाच सगोत्र, आणि सोंग करणें या अर्थाचा ‘प्रिटेन्ड’ हाही त्याच कुळांतला. १८ व्या शतकांत मूळ विशेषणाचा अर्थ प्रथम ‘दाखविण्याजोगें’ एवढाच होता; दाखविलें तें निराळें, मनांतलें निराळें, हा संशय त्यास मागाहून चिकटला.

मराठींत येथें ‘वरकरणी’ चपखल बसतो. संस्कृतांत याच कामीं ‘व्याज’ आहे. स्तुतीच्या मिषानें निंदा किंवा निंदेच्या मिषानें स्तुति, ती व्याजस्तुति. (हल्लीं ‘निर्व्याज प्रेम’ वाचून कित्येकांस पेढीवरील व्याजच आठवतें, त्यास आमचा इलाज नाहीं!)

‘खोटेपणानें’ लिहिणारास पुरावा द्यावा लागतो. ‘वरकरणी’ लिहिणारा आरोपही करितो आणि आरोप केल्याचें नाकबूलही करूं शकतो. ‘सूनबाई आईच्या आजारपणासाठीं माहेरीं गेल्या’ या वाक्यांत हा एक शब्द घालून पाहावा. पत्र घरांत चौघांनीं वाचलें, कोणी कांहींच बोललें नाहीं. परत आलेल्या सूनबाईंनीं आतां कोणत्या आरोपाचें, आणि कोणापाशीं, निरसन करावें?