तबकडीचा वाटा आणि चित्रपटाची प्रत

घरी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चित्रपटांत हाय डेफिनिशन तबकडीचा वाटा वर्षागणिक वाढत गेला, असे विधान गेल्या पंधरा-अठरा वर्षांत अनेकदा वाचनात आले. विधान खोटे नाही; पण वाटा हा शब्द जरा फसवा आहे. शंभर तबकड्यांपैकी दहा उच्च प्रतीच्या असतील तर वाटा दहा टक्के. पुढे एकूण विक्री पन्नासवर आली आणि त्या दहा तशाच राहिल्या, तर वाटा वीस टक्के होतो. एकही तबकडी जास्त खपलेली नसते. २००६ साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी हे दोन प्रतिस्पर्धी बाजारात उतरले, फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली आणि ब्लू-रेला मैदान मोकळे मिळाले. त्यानंतर तिचा जो वाटा वाढला, त्यात तिच्या चढण्याइतकाच डीव्हीडीच्या उतरण्याचाही हात होता.

शहापूर-मुरबाडकडच्या मराठीच्या अधिव्याख्यात्यांना या हिशेबाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे कर्तव्य आहे ते असे. चित्रपट एकदा पाहून विसरणारा प्रेक्षक तबकडी सोडून प्रथम डाउनलोडकडे आणि मग इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाकडे गेला. मागे राहिला तो चित्रपट जपणारा, पुन्हा पाहणारा, त्यावर लिहिणारा. म्हणजे वाढता वाटा हा तबकडी बाजारातून उठून ग्रंथालयात जात असल्याचा पुरावा होता. आणि ग्रंथालयात काय असावे, काय नसावे, हा आमच्या पोटापाण्याच्या धंद्यातला प्रश्न आहे.

महाराष्ट्रात मात्र हा प्रवास मधेच तुटला. आमच्याकडे खरी सत्ता होती व्हीसीडीची. एका चित्रपटाच्या दोन, क्वचित तीन तबकड्या, पहिली संपली की चहा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा पायरसीवाल्याची आणि अधिकृत विक्रेत्याची किंमत जवळजवळ एक झाली. आमच्यापैकी बहुतेकांचे खाजगी संग्रह त्या दोन-तीन वर्षांतले आहेत. २०१६ मध्ये जिओ आले, २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली. व्हीसीडीवरून आमचा प्रेक्षक थेट मोबाइलवर गेला. उच्च प्रतीच्या तबकडीचा वाटा वाढायला जी मधली पायरी लागते, ती आमच्या तालुक्यांत घडलीच नाही. भारनियमनाच्या त्या दिवसांत वीज कधी येणार हा प्रश्न इतका मोठा होता, की पडद्यावर रेषा किती हे विचारणे म्हणजे चैनच.

आणि तरीही ते विचारायला हवे होते, हे आम्हांला ‘जैत रे जैत’ने शिकवले.

डॉ. जब्बार पटेल यांचा हा १९७७ चा चित्रपट, गो. नी. दांडेकरांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून केलेला. साहित्यकृतीचे माध्यमांतर शिकवताना तो आम्ही दरवर्षी दाखवत असू. कादंबरी कर्नाळ्याकडच्या ठाकरांची. आमच्या वर्गात म ठाकर आणि क ठाकर मुलेमुली नेहमीच असतात. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही चित्रपटापेक्षा या एका चित्रपटाबद्दल वर्गाला आमच्याहून अधिक कळत असे. ढोल वाजवणारा नाग्या, नवऱ्याला सोडून आलेली चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरची मोहोळे. माशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो आणि त्या राणीमाशीशी त्याचे वैर सुरू होते. आमच्याजवळ होती ती व्हीसीडी. खिडक्यांना सतरंज्या लावून आम्ही ती भिंतीवर दाखवत असू.

एका वर्षी एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले की दिग्दर्शकाने माश्या दाखवल्याच नाहीत, नुसता धूर दाखवला आहे. हा मुलगा वडिलांबरोबर मध काढायला जाणारा. आम्ही त्याचे गुण कापले. शेरा असा काही मारला, की कलाकृती वास्तवाची नक्कल नसते आणि माश्यांचा अरूप लोट हे नियतीचे प्रतीक आहे. हे प्रतीक आमच्यातल्याच एकाने वर्गात मांडले होते आणि पुढे एका चर्चासत्रातही वाचले होते. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या.

काही वर्षांनी त्याच चित्रपटाची डीव्हीडी हाती आली. माशी न् माशी मोजता आली असे नव्हे, पण धूर निराळा आणि माश्या निराळ्या झाल्या. अरूप लोट नियतीचा नव्हता, तबकडीचा होता.

याचे कारण अगदी साधे आहे. पाल पद्धतीच्या व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे. डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६. ब्लू-रेचे १९२० गुणिले १०८०. सगळा चित्रपट सातशे मेगाबाइटांच्या दोन सीडींवर बसवायचा, म्हणून चित्राचे लहान लहान चौकोन पाडून एका चौकटीपासून दुसरीत काय बदलले तेवढेच प्रामुख्याने नोंदवले जाते. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर हे छान जमते. पण उठलेल्या मोहोळात क्षणोक्षणी सगळेच बदलते. यंत्राला ते झेपत नाही आणि ते चौकोनांचा चिखल करून मोकळे होते. सावल्यांचेही तसेच. रात्रीच्या प्रसंगांत सावळ्या चेहऱ्यांवरचे बारकावे सर्वांत आधी जातात. दिवाणखान्यातल्या चित्रपटाचे या तबकडीने फार नुकसान केले नाही. ज्यांचे जगणे रानात, रात्री आणि सावळ्या रंगात आहे त्यांच्या चित्रपटाचे केले. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्यांना आपली माणसे प्रथमच पडद्यावर दिसत होती, आणि त्यांचे डोळे दिसत नव्हते.

मराठीच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवी असू नये. लेखकूंच्या हातून अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, ही आमची पाठचिकित्सेची पहिली शिकवण. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला सापडलेली जुनी प्रत छापली, तेव्हा पाठांवरून वाद झाले. तुकारामांच्या अभंगाचा विचार करताना गाथेची कोणती प्रत हा प्रश्न आम्ही पहिल्या तासाला विचारतो. मात्र प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’वर बोलताना हाच प्रश्न आम्ही कधी विचारत नाही. भ्रष्ट पाठावर भाष्य रचणाऱ्या टीकाकाराला आम्ही हसतो. धुराचे प्रतीक रचणारे आम्ही त्याच पंक्तीतले.

प्रतीचा प्रश्न केवळ स्वच्छ चित्राचाही नाही. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी घेतलेला असतो. पाल पद्धतीच्या तबकडीत तो बहुधा पंचवीसने धावतो. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे सुमारे पाच मिनिटांनी आखूड होतो, आवाज किंचित चढतो. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातल्या लयीवर निबंध लिहिणाऱ्याने कोणती लय ऐकली? ‘बावन्नाव्या मिनिटाला’ असे लिहिणाऱ्याची मिनिटे दुसऱ्याच्या प्रतीशी जुळत नाहीत. ब्लू-रेवर चोवीस चौकटी चोवीसच राहू शकतात. हाय डेफिनिशनमधला हा भाग जाहिरातीत कधी ठळक छापला गेला नाही, पण अभ्यासकाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

आमचे एक सहकारी म्हणतात की हे सारे जुन्या तबकडीप्रेमींचे रडगाणे आहे. मुरबाडच्या वसतिगृहातली मुलगी आज मोबाइलवर जितके चित्रपट पाहते, तितके आम्ही एम.ए.च्या दोन वर्षांत पाहिले नाहीत. हे खरे आहे आणि त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण तिच्या मोबाइलवर आलेली प्रत पुष्कळदा त्याच व्हीसीडीवरून चढवलेली असते, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह, गाणी कापलेली, चित्र आडवे ताणलेले. आज पाहिलेला दुवा परीक्षेच्या आधी नाहीसाही होतो. तबकडी निदान कपाटात असते.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची काही मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत जळाली. त्यांतून आणि अन्य प्रतींतून ती पुन्हा उभी करून २०१५ मध्ये अमेरिकेत ब्लू-रेवर निघाली. बंगालीच्या प्राध्यापकाला आज कोणती प्रत वापरावी हे सांगता येते. तिथे खरेदीदार होता, म्हणून प्रत निघाली. मराठीचा खरेदीदार त्या हिशेबात फारसा नव्हताच. जे टक्केवारीचे आकडे आम्ही वाचत आलो, त्यांत आमची भाषा जवळपास शून्याच्या घरात होती, आणि आम्ही ते दुसऱ्याच्या घरचे वर्तमान म्हणून वाचत राहिलो.

बाजाराने दिले नाही ते सार्वजनिक संस्थेकडून मागता येते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये मंजूर झाल्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. त्यांतले मराठी चित्रपट महोत्सवांत दाखवले जातील, चांगलेच आहे. पण महोत्सव पुण्या-मुंबईत असतात. आमच्या तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत आणि चैत्र-वैशाखात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो, तेव्हा साठा कुठे आणि नळ कुठे हा भेद आम्हांला नव्याने शिकायचा नाही. स्वच्छ केलेली प्रत तबकडीवर असो, पेन ड्राइव्हवर असो, महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत पोचेल अशी तजवीज त्याच खर्चातून व्हावी. आणि अभ्यासक्रमात चित्रपट नेमताना, पुस्तकाची आवृत्ती लिहितो तशी त्याची प्रतही नोंदवावी. ही दुसरी सूचना आम्ही अभ्यास मंडळाकडे लेखी दिली आहे.

ज्या विद्यार्थ्याचे गुण कापले, तो आता एका आश्रमशाळेत शिकवतो. मागच्या म्हशाच्या यात्रेत तो आमच्यापैकी एकाला भेटला. चूक आम्ही कबूल केली. त्याला ती उत्तरपत्रिका आठवत नव्हती. ‘जैत रे जैत’ची चांगली प्रत कुठे मिळेल, पोरांना दाखवायची आहे, एवढेच त्याने विचारले. डीव्हीडीची नक्कल करून देतो असे आम्ही म्हणालो. शाळेत संगणक आहे, पण त्याला तबकडी घालायची जागा नाही, असे त्याने सांगितले.